फुटाला तीन इंच

गिटार पडली की लोक आधी तिचं पोट बघतात. पोट मोठं असतं, चकचकीत असतं, त्यावरचा ओरखडा लगेच दिसतो. पण गिटार पोटात सहसा मोडत नाही. मान आणि डोकं जिथे भेटतात तिथे ती मोडते. नावड्याच्या एका शेडमध्ये मी गिटारीच्या माना करते. आम्ही सात-आठ माणसं तिथे गिटारी बनवतो आणि लोकांच्या मोडलेल्या दुरुस्त करतो. पोट, पाठ, रंग, तारा हे इतरांचं काम. मान माझी. बाकी जगातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, करावे गावात, आणि तीही भरती-ओहोटी बघून.

ज्यांनी गिटार कधी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटार बाजूने बघा. मान सरळ जाते आणि शेवटी डोकं मागे झुकलेलं असतं, आरामखुर्चीत टेकलेल्या माणसासारखं. डोक्याला सहा चाव्या असतात, त्यांना तारा गुंडाळतात. मान संपते तिथे हाडाची एक पट्टी बसवतात, तिला नट म्हणतात. नटला सहा खाचा. तारा त्या खाचांतून जातात आणि पुढे डोक्याच्या उतारावर खाली वळून चाव्यांपर्यंत पोचतात. या खाली वळण्यामुळे तार खाचेत दाबून बसते. उतार कमी ठेवला तर तार सैल बसते, भुणभुणते, जोरात वाजवलं तर उडते. उतार जास्त ठेवला तर तार घट्ट बसते, आवाज खणखणीत येतो, पण तिथलं लाकूड कमजोर होतं. यातलं मधलं काहीतरी ठरवायचं. काही गिटारींचं डोकं सपाट असतं, त्यांच्या तारा दाबायला वरून आकडे लावतात. तो वेगळा धंदा. आमच्याकडे उतारच.

उतार मोजायला मला बस्त्याव मिस्त्रीने शिकवलं. मालवणकडचा ख्रिस्ती सुतार. आधी चर्चची बाकं करायचा, मग गिटारीत शिरला. अंश वगैरे त्यालाही येत नव्हते. सुतार छपराचा उतार मोजतो तसा तो मोजायचा. आडवं एक फूट गेलं की खाली किती इंच उतरलं, एवढंच. त्याचा आकडा होता फुटाला तीन इंच. त्या मापाचा पत्र्याचा फर्मा भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. अजून आहे.

मध्यंतरी खारघरचे एक साहेब हौसेने गिटार करून घ्यायला आले. मोठे इंजिनियर. मला म्हणाले, "काकी, हेडस्टॉकचा अँगल किती ठेवता? नेटवर कोणी तेरा डिग्री म्हणतं, कोणी सतरा."

मी म्हटलं, "फुटाला तीन इंच."

ते हसले. मग त्यांनी फोन फर्म्याच्या कडेला लावला. फोनमध्ये चौदा आले. त्यांनी कागदावर आकडेमोड केली, पुन्हा फोन लावला, पुन्हा चौदा.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बस्त्यावने."

"आणि त्यांना?"

ते मला माहीत नाही. त्यालाही बहुतेक कोणा सुतारानेच सांगितलं असेल. साहेब तो गंजका पत्रा हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. चपला मात्र त्यांनी काढल्या नाहीत, नाहीतर देवळातच आलेत असं वाटलं असतं.

सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात. सीवूडच्या एका बाईंना उतार नकोच होता, कारण त्यांच्या सोसायटीच्या फ्लॅटमधल्या कपाटात गिटार बसत नव्हती. मी म्हटलं, "कपाट बदला." त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता लाकडाचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. मी नवी होते तेव्हा बस्त्यावने माझ्या हातात बोटाएवढी एक काडी दिली. महोगनीची, मानेसाठी वापरतात तीच. म्हणाला, "बाय, ह्या मोड." मी मोडायला गेले. ती वाकली, हाताला वळ उठले, पण मोडली नाही. मग त्याने त्याच फळीतली, तेवढीच जाड दुसरी काडी दिली. ती मी नुसती दाबली आणि खारी बिस्किटासारखी तुटली. मला वाटलं किडलेली असेल. तो म्हणाला, "तांच लाकूड, तांच झाड. बघ."

मी उजेडात धरून बघितली. पहिल्या काडीत लाकडाचे धागे लांबीने गेले होते. दुसरीत आडवे. लाकूड उसासारखं असतं. उभ्या धाग्यावर ते कितीही ओझं पेलेल. पण ऊस आडवा चकत्यांसारखा कापला की चकती पोरसुद्धा मोडतं. आता विचार करा. एका जाड ठोकळ्यातून झुकलेल्या डोक्याची मान कोरून काढली, तर धागे मानेत सरळ जातात, पण डोकं झुकलंय, धागे झुकत नाहीत. ते डोक्यातून तिरपे बाहेर पडतात. म्हणजे उतार जितका जास्त, तितके धागे तोडलेले. आणि वर, मानेच्या आतून लोखंडी सळई जाते, ती आवळता यावी म्हणून नेमकं तिथेच पोखरतात. आधीच बारीक, त्यात पोखरलेलं.

त्याच दिवशी त्याने मला सिमेंटची गोणी उचलायला लावली. नवी, पन्नास किलोची. मी तेव्हा धडधाकट होते, तरी गुडघ्यापर्यंतसुद्धा आली नाही. बस्त्याव म्हणाला, ही एक गोणी आणि वर जवळजवळ अर्धी, एवढ्या जोराने सहा तारा डोक्याला पुढे ओढत असतात. वाजवा नाहीतर खुंटीला टांगा, दिवसरात्र ओढतात, वर्षानुवर्षं. आणि ते सगळं धरून असतं माझ्या मनगटाहून बारीक लाकूड. त्या दिवसापासून भिंतीवर शांतपणे टांगलेली गिटार मला शांत वाटलेली नाही. आजही शेडचं कुलूप काढून आत गेले की पंचवीस-तीस गिटारी ओळीने टांगलेल्या दिसतात, आणि मी क्षणभर दारातच थांबते. एवढी ओढाताण चाललेली असते आणि आवाज काही नाही.

माझा बाप करावे गावात होड्या दुरुस्त करायचा. होडीच्या पोटातल्या वाकड्या फासळ्या तो सरळ फळीतून कधीच कापत नसे. झाडावरच हवी तशी वाकलेली फांदी शोधत दोन-दोन दिवस हिंडायचा. "वाकवायचं काम झाडाचं. आपलं नाय," म्हणायचा. मला लहानपणी तो आळशीपणा वाटायचा. बस्त्यावच्या दोन काड्या मोडल्यावर कळलं की बाप काय शोधत होता. फांदी वाकते तेव्हा धागेही तिच्याबरोबर वाकतात, एकही तुटत नाही.

गिटारीला अशी फांदी कुठून मिळणार? म्हणून जोड देतात. सरळ फळी शेवटाला लांब तिरपी कापायची. सुटलेला तुकडा उलटा करायचा आणि त्याच कापावर चिकटवायचा. तुकडा आपोआप मागे झुकतो, त्याचं डोकं होतं, आणि धागे मानेतही सरळ, डोक्यातही सरळ. तिरपा काप लांब असतो, त्यामुळे गोंदाला जागा भरपूर मिळते. कितीतरी माना मी मुद्दाम मोडून बघितल्यात. लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही.

एवढं सगळं माहीत असून मी चूक केली. तीच सांगायची आहे.

मिलिंद द्रोणागिरीला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. मूळचा लातूरकडचा. त्याची बायको सुजाता गाते. दोघांची गायन पार्टी आहे. जयंतीला, लग्नांना, नामकरणाला भीमगीतं आणि बुद्धगीतं गातात. ती पुढे उभी राहून गाते, हा शेजारी बसून गिटार वाजवतो, ढोलकी आणि पॅड मागे. मिलिंद आमच्याकडे आला तो मोडकं डोकं पिशवीत घेऊन. बाजारातली तयार गिटार, दुसऱ्यांदा मोडलेली. सुजाता बरोबर होती.

"गाडीत सीटच्या मागं बांधून ठेवतो मावशी," तो म्हणाला. "पोर्टवर नंबर लागेपर्यंत आठ-आठ तास लाइनीत असतो, तवा वाजवतो. पण खड्ड्यात गाडी आपटली की मोडायलीय."

सुजाता म्हणाली, "दर दोन महिन्यांनी मान मोडते. शेजारचे विचारतात, तुमच्यात भांडणं होतात का."

"आन होत नाहीत का?" मिलिंद म्हणाला.

"होतात. पण मी गिटारीनं मारत नाही."

मी त्यांना म्हटलं, नवी करून देते, जोड देऊन. तर मिलिंदला जोड नको. आधीच्या गिटारीतही जोडाची रेघ होती आणि तीच मोडली, असं त्याचं म्हणणं. खरं तर ती रेघेवर मोडलीच नव्हती, दोन बोटं वर मोडली होती. सुजाताही म्हणाली, "अखंडच करा मावशी. तुकडे जोडल्यासारखं नको." आमच्या धंद्यात हे नेहमीचं. जोड दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं उरलेसुरले तुकडे खपवले. ज्यात जोर आहे तेच लोकांना गरिबीचं वाटतं.

मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण माझ्याकडे महोगनीचा एक जाड ठोकळा होता. एकही गाठ नाही, रंग ताज्या खजुरासारखा. कितीतरी दिवस मी तो जपला होता. त्यात मला अखंड मान दिसत होती. म्हटलं, एवढं सुंदर लाकूड मोडणार नाही. आणि ढोलकीपुढे गिटार ऐकू जावी म्हणून मी उतारही वाढवला. फर्मा खिळ्याला तसाच ठेवला आणि अंदाजाने फुटाला जवळजवळ चार इंच घेतले. मान अशी झाली की शेडमधली माणसं हात धुऊन येऊन तिला हात लावत होती.

पाच आठवडे टिकली. द्रोणागिरीच्या वळणावर मिलिंदने ब्रेक मारला, पट्टा निसटला, गिटार पाठीवर पडली. मी तुकडे बघितले. नटच्या मागे स्वच्छ तुटली होती, धागे तिरपे कापलेले. बस्त्यावच्या दुसऱ्या काडीसारखी. मी माझ्या हाताने सुंदर लाकडाची खारी करून ठेवली होती.

दोन दिवसांनी त्यांचा कार्यक्रम होता. सुजाताने कीबोर्डवाला आणला. कार्यक्रम चांगला झाला, हेच वाईट झालं. पार्टीतले म्हणू लागले, गिटार कशाला हवी, कीबोर्डमध्ये गिटारीचाही आवाज आहे.

मिलिंद एकटा आला तेव्हा बोलला. "मावशी, मी आठ-आठ, दहा-दहा दिस गाडीवर. घरी जातो तवा ती पोरांत, सैपाकात. तिच्याशेजारी तीन तास बसायला मिळतं ते ह्या लाकडामुळं. पार्टीतून निघालो तर मी नुसता डायवर."

मी म्हटलं, "मग पट्टा नीट बांधत जा." दुसरं काय म्हणणार. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं.

दुसरी मान मी भीतीने केली. आधी गर्वाने केली, आता भीतीने. पुन्हा मोडायला नको म्हणून उतार जेमतेम ठेवला, फुटाला दीड इंच. जोडही दिला. मोडली असती तर मी धंदा सोडला असता इतकी भक्कम. मिलिंद शेडमध्ये हळू वाजवून बघून घेऊन गेला. कार्यक्रमात त्याने त्याच्या पद्धतीने हात मारला, भीमगीताचा ठेका असतो तसा, पंजा उघडा टाकून. सहावी तार खाचेतून उडाली आणि मानेवर फटकन आपटली. गाणं मधेच. पुढे बसलेली माणसं हसली.

"पुढच्या टायमाला ह्यांना टाळ देणार आहे," सुजाता मला येऊन म्हणाली. "टाळाला मान नसते."

तेव्हा मी खिळ्यावरचा फर्मा काढला. फुटाला तीन इंच. ना कमी, ना जास्त. जोड दिला आणि नटच्या मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक होतं, तिथे लाकूड न तासता सुपारीएवढी फुगीर गाठ राखली. गिऱ्हाइकांना ती गाठ आवडत नाही, अंगठ्याला लागते म्हणतात. लागू दे. तारा चढवल्या तेव्हा मी माझा दात डोक्याच्या टोकाला टेकवला आणि एक तार छेडली. हे मी नेहमी करते, हसणारे हसतात. दातातून आवाज कवटीत येतो. या मानेचा आवाज माझ्या डोक्यात येऊन थांबला नाही, खाली मणक्यात उतरला. तीच जागा, तेच लाकूड, उतारात एक-दीड इंचाचा फरक. या एवढ्याशा जागेत आवाजही आहे आणि मोडणंही, आणि ती दोन्ही एकमेकांना चिकटून बसलेली आहेत. एवढ्या माना केल्या, तरी हे मला समजलंय असं म्हणवत नाही.

दोघं घ्यायला आले. दुपारची वेळ. मिलिंदने पंजा टाकून वाजवलं. एकही तार हलली नाही. त्याचा चेहरा उजळला. सुजाता मात्र हाताची घडी घालून उभी.

"मावशी, मागच्या दोन्ही वेळेला तुम्ही चांगलीच म्हणाला होतात," ती म्हणाली. "मला स्टेजवर पुन्हा तमाशा नको. ही माझ्यासमोर पाडा."

"नवी कोरी हाय गं," मिलिंद म्हणाला.

"म्हणूनच. मोडली तर आज मोडू दे. मग तुम्ही गाडी चालवा, मी कीबोर्डवर गाते. दर वेळेला जीव टांगणीला नको. माझा पण, तुमचा पण."

बाईचं बरोबर होतं. शेडमधली सगळी माणसं करवती थांबवून बघत होती. मी म्हटलं, "पाड. तूच पाड. माझ्यावर भरवसा नाय ना, मग तुझ्या हातानं."

तिने गिटार कोब्यावर उभी केली, डोक्याला एक बोट लावून. पाठ मागे. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तिने बोट काढलं.

डोकं आधी आपटलं. सहाही तारा एकदम वाजल्या, कोणी न छेडता, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज बराच वेळ हलत राहिला. कोणी पुढे गेलं नाही. शेवटी मीच गेले. मानेवरून बोट फिरवलं, गाठीवर, सांध्यावर, नटच्या मागे. केसाएवढीही चीर नव्हती.

"राहिली," मी म्हटलं.

मग मी गिटार उलटी केली, आणि पाठीचा सांधा वीतभर उघडलेला दिसला. पाठीची फळी कडेपासून सुटली होती. मानेने मार घेतला नाही, तो पुढे पोटात ढकलला.

पण उजेडात नेऊन बघितलं तर लाकूड कुठेच फाटलं नव्हतं. फक्त चिकटवलेलं सुटलं होतं, फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ. पाठ आमच्याकडे सरसाने चिकटवतात. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा उकळून केलेला गोंद. मान पांढऱ्या गोंदाने. हा नियम बस्त्यावने घालून दिला होता. वास येतो, उकळत बसावं लागतं, म्हणून मी त्याच्याशी कितीदा भांडले होते. सगळ्याला पांढरा गोंद का नाही? तो नुसता मान हलवायचा. म्हातारा जुन्याला चिकटून बसलाय, असं मी लोकांना सांगायचे. सरस जोरात आपटला की काचेसारखा तडकतो आणि सुटतो. लाकूड वाचतं. मार कुठे ना कुठे जाणारच. तो कुठून बाहेर पडावा याची वाट त्या माणसाने ठेवली होती, आणि मला कधी सांगितलं नाही. की सांगितलं, आणि मी ऐकलं नाही? आता विचारायला तो नाही. मी ती उघडी कड हातात धरून तशीच बसले.

सुजाता शेजारी येऊन वाकली. उघड्या फटीतून आत बघितलं. "आतून किती साधी आहे," ती म्हणाली. मग तोंड जवळ नेऊन तिने एक सूर लावला, अगदी हळू. आतून तारांनी उत्तर दिलं. तिने तोंड मागे घेतलं, पुन्हा लावला. पुन्हा उत्तर आलं.

"नीट होईल?"

"दोन दिवस बांधून ठेवते. होईल."

"पुन्हा पडली तर?"

"पुन्हा उघडेल. पुन्हा चिकटवीन."

"आणि मान?"

"मान राहील."

ती सरळ उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "कीबोर्डवाल्याला फोन लावा. रविवारी येऊ नको म्हणावं."

मिलिंदने गिटार माझ्याकडून घेतली होती, दोन्ही हातांनी उराशी धरलेली, आणि ती खाली ठेवायची त्याची तयारी नव्हती. सुजाताने एकदा त्याच्याकडे बघितलं, त्याच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि स्वतःच लावला.